बार मिट्झ्वाचं आमंत्रण आलं तर

घरात सातवी-आठवीतलं मूल असेल, तर एखाद्या वर्गमित्राच्या बार मिट्झ्वाचं आमंत्रण तुमच्याकडेही आलं असेल. आमच्याकडे आलं, तेव्हा पहिला प्रश्न हाच पडला की आहेर काय करायचा? ते सांगतोच, पण आधी विधी समजून घेऊ.

ज्यू मुलगा १३ वर्षांचा झाला की धर्माच्या आज्ञा पाळण्याची जबाबदारी त्याची स्वतःची होते. 'बार' म्हणजे पुत्र, 'मिट्झ्वा' म्हणजे आज्ञा. मुलींची ती बात मिट्झ्वा, परंपरेने १२व्या वर्षी. न्यूयॉर्कमध्ये मार्च १९२२मध्ये रब्बी मॉर्डेकाय कॅप्लन यांच्या मुलीने, ज्युडिथने, सिनेगॉगमध्ये सर्वांसमोर वाचन केलं. अमेरिकेतली पहिली जाहीर बात मिट्झ्वा म्हणून ती ओळखली जाते.

मुख्य भाग तोरा वाचण्याचा. हाताने लिहिलेल्या त्या गुंडाळीत स्वरचिन्हं नसतात. काना, मात्रा, वेलांटी काढून टाकलेलं मराठी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कल्पना येईल. शिवाय ते ठरलेल्या चालीत म्हणायचं असतं, आणि चालीच्या खुणाही तिथे नसतात. अक्षरांना बोट लावत नाहीत. 'याद' नावाची छोटी दर्शककाठी वापरतात. मुलं कितीतरी महिने तयारी करतात. मग त्या आठवड्याच्या उताऱ्याचा आपल्याला काय अर्थ लागला, यावर मूल स्वतः भाषण करतं. वाचन झालं की पुष्कळ ठिकाणी त्याच्यावर चॉकलेट-गोळ्या उधळतात, आपल्या अक्षतांसारख्या. "याची जबाबदारी आता माझ्यावर नाही," अशा अर्थाची एक प्रार्थना वडील म्हणतात. ती कळली तेव्हा माझ्या घशात आवंढा आला.

आता रीतीभाती. शनिवारी सिनेगॉगमध्ये फोन बंद ठेवा, फोटो काढू नका. पुरुषांनी डोकं झाकायचं. टोप्या बहुधा दाराशीच ठेवलेल्या असतात. आहेर १८च्या पटीत करा: १८, ३६, ५४. हिब्रूत 'जीवन' या शब्दाच्या अक्षरांची बेरीज १८ होते. शब्बाथला पैशांना हात लावत नाहीत, म्हणून पाकीट सिनेगॉगमध्ये नेऊ नका, घरी पाठवा. आणि म्हणा, "मझल टोव!"

हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, पेणकर, रोहेकर अशा आडनावांचे, घरात मराठीच बोलत आले. मंगलप्रसंगी ते मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुकामेवा, सोबत फळं, आणि एलियाहू पैगंबराचं स्मरण.

परतताना गाडीत मुलाने विचारलं, "बाबा, माझ्या मुंजीत मी काय म्हणत होतो?" पुण्याला दोन आठवड्यांच्या सुट्टीत उरकलेली मुंज ती. गुरुजी सांगतील ते तो म्हणत गेला, मी व्हिडिओ काढत राहिलो. अर्थ मलाही सांगता आला नाही.

तेव्हापासून रविवारी सकाळी अर्धा तास आम्ही दोघं बसतो. आधी गायत्री मंत्राचा अर्थ लावला, आता त्याच्या आजीची जुनी पत्रं वाचतो. तो जोडाक्षरांवर अडखळतो, मी अर्थावर. तुमच्याकडे मुंज होत असो वा नसो, १३ वर्षांच्या मुलाने चार माणसांत उभं राहून आपल्या भाषेतलं एक पान वाचावं आणि त्यावर स्वतःचं मत सांगावं, एवढं आपण नक्की करू शकतो. या वाढदिवसाला करून बघा.