पिकअपला ‘पिकअप’ हवा

‘पिकअप’ या शब्दाला आपल्याकडे दोन अर्थ चिकटले आहेत. मागे हौदा असलेली ती छोटी मालवाहू गाडी, हा एक. आणि चढावर पाय दाबला की गाडीने जी ओढ दाखवायची, तो दुसरा. ‘गाडीला पिकअप नाही’ असं आपण म्हणतो ते या दुसऱ्या अर्थाने. माझ्या पुतण्याची तक्रार अशी होती की, त्याच्या पिकअपला पिकअप नाही. मी पडलो कवी, शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. मला त्या वाक्यातला यमक आधी ऐकू आला. मी हसलो. तो हसला नाही.

ही गोष्ट २०२३ सालच्या रमजान ईदच्या दुसऱ्या दिवसाची, म्हणजे आमच्याकडे जिला बासी ईद म्हणतात त्या दिवसाची. शीरखुर्म्याची वाटी बाजूला सारून त्याने खिशातून एक कागद काढला. कागदावर गॅरेजवाल्याचा हिशेब होता: मोठा टर्बो, मागचा क्राऊन-पिनियन बदलणे, आणखी दोन पाटे, किरकोळ. एकूण पासष्ट हजार. पैसे माझ्या प्रॉव्हिडंट फंडातून उसने हवे होते.

“चाचा, ताकदपण वाढेल आणि ॲव्हरेजपण वाढेल,” तो म्हणाला.

माझा थोरला भाऊ वारला तेव्हा हा पोरगा विशीत होता. भाभींनी हातातल्या बांगड्या मोडून २०१९ मध्ये ही गाडी जुन्या बाजारातून घेऊन दिली. वर्षभरात टाळेबंदी आली, हप्ते तुंबले, ते आता कुठे रुळावर येत होते. काम असं, की मध्यरात्री पवन मावळातल्या पॉलिहाऊसमधून गुलाबाची खोकी भरायची, पहाटेच्या आत दादरच्या फूलबाजारात पोहोचवायची, आणि परत येताना मावळात बंगले बांधणाऱ्यांसाठी फरशा, नळाचं सामान, जे मिळेल ते आणायचं. जाताना हलका पण हौदाभर फुगलेला माल आणि तो उताराला. येताना बसका, जड माल आणि तो चढाला. एकाच गाडीकडून दोन उलट्या अपेक्षा. आयुष्यभर मी गुलाबावर कविता लिहिल्या, पण गुलाबाच्या खोक्यांना भाडं नगावर मिळतं, वजनावर नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. म्हणून त्याने हौद्यावर लोखंडी सांगाडा उभारून केबिनच्या वर अडीच फूट उंच पेटाराच बांधला होता.

ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही वाढेल, हे वाक्य मात्र माझ्या गळ्याखाली उतरेना. त्याला कारण माझं लहानपण. मी लोणावळ्यात रेल्वेरुळांच्या शेजारी वाढलो. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये वर आली. काही ठिकाणी हा चढ एवढा तीव्र आहे की सदतीस फूट पुढे गेलं की गाडी एक फूट वर जाते. मुंबईहून आलेल्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. ती गाडीला ढकलत लोणावळ्यापर्यंत आणतात, सुटतात आणि एकटीच खाली निघून जातात. कर्जतचा बटाटेवडा प्रसिद्ध झाला तो या थांब्याच्या कृपेने. रेल्वेने हा प्रश्न किती शहाणपणाने सोडवला बघा. तीस किलोमीटरसुद्धा नसलेल्या घाटासाठी प्रत्येक गाडीला मुंबईपासूनच अवाढव्य इंजिन जोडलं नाही. चढ आहे तिथे ताकद, चढ संपला की सुट्टी. पुतण्याचा गॅरेजवाला मात्र दादर ते कामशेत या सगळ्या वाटेवर बँकर ओढत न्यायला सांगत होता.

मी म्हटलं, पैसे देईन, पण आधी आपण एका मिस्त्रींना गाडी दाखवू. हे मिस्त्री सत्तरीचे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, कामशेतच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये बसतात. माझी एकही कविता त्यांनी वाचलेली नाही, तरी मला कविराज म्हणतात. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. विचारलं, “ॲव्हरेज किती देती?”

“बारा,” पुतण्या म्हणाला.

“कशावरून?”

तो गप्प. मिस्त्री माझ्याकडे वळले. “कविराज, तुम्ही शिकल्याले. एक वही घाला. टाकी गळ्यापातुर भरायची, किलोमीटर लिवायचं. परत त्याच पंपावर गळ्यापातुर भरायची. धा खेपा झाल्या की या.”

अशी माझ्या कवितांच्या वहीशेजारी दुसरी वही आली. दहा खेपांचा हिशेब निघाला तो लिटरला नऊ पॉइंट सात. बारा हा आकडा त्याने गाडी घेताना ऐकलेला होता आणि तोच तो चार वर्षं सांगत आला होता. यात त्याला हसण्यासारखं काही नाही. आपलं उत्पन्न, आपली तब्येत, यांचे असे किती जुने आकडे आपण सगळेच सांगत फिरतो.

वही पाहून मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि तासाभराने मला आत वाकून बघायला लावलं. टर्बोतून निघालेली हवा इंटरकूलरकडे नेणारा एक जाड रबरी होज पाइप असतो. त्याला खालच्या अंगाला, सहज दिसणार नाही अशी, बोटभर चीर गेली होती.

इथे थोडं सविस्तर सांगायला हवं. डिझेल जाळून जी उष्णता निघते, तिच्यातली साधारण एक तृतीयांशच चाकाच्या कामी येते. बाकीची रेडिएटरमधून आणि धुरातून निघून जाते. टर्बो हा त्या वाया जाणाऱ्या धुरावर फिरणारा पंखा. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त, म्हणून डिझेल पुरतं जळतं. दाबलेली हवा गरम होते, ती इंटरकूलरमध्ये थंड झाली की आणखी दाट होते. म्हणजे टर्बो हा इंजिनाचा बँकरच, आणि तोही फुकट्या धुरावर चालणारा. आता पाइप फाटला की हीच दाबलेली हवा बाहेर फुसकते. ओढ जाते. ओढ गेली म्हणून आठ महिन्यांपूर्वी एका गॅरेजात पुतण्याने पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून घेतलं होतं. हवा कमी आणि डिझेल जास्त. परिणाम काळा धूर. थोडी ओढ आल्यासारखी वाटली, पण न जळलेलं डिझेल सायलेन्सरमधून निघून जात होतं, आणि पूर्वी जिथे अमृतांजन पूल होता त्या चढावर तापमानाचा काटा लाल रेघेला टेकत होता. (तो पूल १८३० चा, एप्रिल २०२० मध्ये पाडला. मला अजून त्या वळणावर मान वर करायची सवय आहे.) हेड गास्केट कसं टिकलं, हे मिस्त्रींनाही उमगेना.

“कविराज,” ते म्हणाले, “ताकद इकत घ्यायला निघालाय, आन् हाय ती गळतीय.”

मग कामं निघाली. होज पाइप नवा. एअर फिल्टर खडीच्या धुळीने बुजला होता, तो नवा. पंप आणि नोझल पंपवाल्याकडे पाठवून कंपनीच्या मापावर आणले. मागचं एक चाक हाताला चटका बसेल इतकं तापायचं, कारण ब्रेक सुटत नव्हता. म्हणजे गाडी रोज स्वतःचाच ब्रेक ओढत घाट चढत होती. टायरमधली हवा कमी होती. मोठा टर्बो आणि जादा पाटे त्यांनी ऐकूनही घेतले नाहीत. पाट्यांनी ओझं वाहण्याची कायदेशीर मर्यादा वाढत नाही, फक्त ओझं भरायची लालूच वाढते. क्राऊन-पिनियनचं म्हणणं मात्र ऐकलं. तो बदलून घाटात ओढ मिळते, हे खरं. पण तीच गाडी सपाट रस्त्यावर त्याच वेगाला इंजिन जास्त फिरवते आणि जास्त डिझेल पिते. सायकलचा लहान गिअर आठवा. जो दिवसभर घाटातच असतो त्याने खुशाल बदलावा. आमची दोनशे किलोमीटरची खेप, घाट त्यातला थोडका.

उंच पेटारा हा वादाचा मुद्दा ठरला. पुतण्या तो उतरवायला तयार होईना. मग मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. खोपोलीहून लोणावळ्याला चढायचं म्हणजे साडेपाचशे मीटरच्या आसपास वर जायचं. एक क्विंटल वजन एवढं उचलायला डिझेल इंजिनाला साधारण पन्नास मिलिलिटर डिझेल लागतं, कटिंग चहापेक्षा जरा कमी. पेटाऱ्याचं लोखंड वजनकाट्यावर निघालं अडीच क्विंटल. शिवाय द्रुतगती मार्गावर तो वारा अडवायचा. वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीऐवजी पासष्टच्या वेगाने गेलं तर तो एक तृतीयांशाने उतरतो. अखेर तडजोड झाली. पेटारा केबिनच्या बरोबरीला आला, वर ताडपत्री. खेपेला चौदा खोकी कमी बसू लागली. मी ती खोकी वहीत लिहिली नव्हती, पुतण्याने लिहिली.

आता जे सांगणार आहे, ते सांगायला मला जड जातं.

कामं झाल्यावर पुन्हा दहा खेपा मोजायच्या होत्या. पोरगा त्या आकड्याच्या मागे लागला. भाभी रोज विचारायच्या, मी विचारायचो. सहाव्या खेपेनंतर मिस्त्रींनी चाकं खोलली आणि वास घेतला. “लायनर जळाल्यात. कोण न्यूट्रल करतंय घाटात?” पुतण्याने मान खाली घातली. वहीत आकडा चांगला यावा म्हणून तो खंडाळ्यापासून खाली गिअर काढून उतरत होता. तिसऱ्या दिवशी ब्रेक तापून लागेनासे झाले. गाडी सुसाट सुटली, पुढे टँकर. त्याने इंजिन रेस करून कसाबसा तिसरा गिअर घुसवला, कडेच्या कठड्याला घासत गाडी थांबवली आणि खाली खोपोलीजवळ तासभर नुसता बसून राहिला. फुलं उशिरा पोहोचली, भाव पडलेला होता. घरी कुणाला सांगितलं नाही. मला त्याने टायर पंक्चरचं कारण दिलं होतं आणि मी ते शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहूनही ठेवलं होतं.

आणि यातली विचित्र गोष्ट अशी, की न्यूट्रलने डिझेल वाचतच नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलेटरवरचा पाय काढला की चाकंच इंजिनाला फिरवतात आणि पंप डिझेल तोडतो. जुन्या पंपात ते गव्हर्नर करतो, नव्या गाडीत संगणक. न्यूट्रलला मात्र इंजिन जिवंत राहण्यासाठी स्वतःचं डिझेल पीत राहतं. म्हणजे पोरगा जीव घालून डिझेल वाचवत नव्हता, जाळत होता. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या चालकांचा नियम माझे अब्बा पाळत. तेही याच घाटात टेम्पो चालवायचे. शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणं टाकल्याशिवाय ते पुढे जात नसत. घाटाची वाट इंग्रजांना ज्या धनगराने दाखवली असं लोक सांगतात, त्याचं ते देऊळ. अब्बा म्हणायचे, वाट दाखवणाऱ्याचं देणं लागतो आपण. गिअरचा नियम त्यांनी माझ्या भावाला सांगितला होता. भावाकडून तो मुलाकडे पोहोचायच्या आत भाऊ गेला. मला तो ठाऊक होता, पण मला गाडी चालवता येत नाही, म्हणून मी सांगितला नाही.

नव्या गाड्या असलेल्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट सांगतो. त्यांच्यात स्क्रू नसतो, संगणक असतो, आणि चिप बसवून ताकद व ॲव्हरेज दोन्ही वाढवून देतो म्हणणारे भेटतात. चिपवाला डिझेल आणि हवेचा दाब वाढवतो. जास्तीची उष्णता आणि ओढ मात्र क्लच, गास्केट आणि टर्बो यांनी सोसायची. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मुळात कंपनीच्या मापापासून गाडी बदलायला मनाई करतं. ठरावीक अपवाद आहेत, सीएनजी किट त्यांतला एक. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच उचलून धरलं. अपघातानंतर विमा कंपनीने गाडी तपासली, तर हे पहिलं निघतं.

आमच्या दुसऱ्या दहा खेपांचा आकडा, न्यूट्रलच्या खेपा वगळून, आला बारा पॉइंट एक. डिझेल तेव्हा नव्वदीच्या घरात होतं. खेपेला चार लिटर वाचू लागले. त्यातून चौदा खोक्यांचं भाडं वजा जातं, तरी काही हातात उरतं. एकूण खर्च सोळा हजार झाला. पासष्टातले उरलेले मी दिले आणि त्यातून तुंबलेले हप्ते फिटले. ओढीबद्दल विचाराल, तर आता फरशा भरून तो घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढतो. पूर्वी दुसरा लागायचा.

वही अजून चालू आहे, मात्र ती आता त्याच्याकडे असते. मागच्या महिन्यात एका कवी संमेलनासाठी मला मुंबईला जायचं होतं, म्हणून रात्री त्याच्या शेजारी बसून घाट उतरलो. पाठीमागे खोकी, केबिनमध्ये गुलाबांचा गारवा. खंडाळा ओलांडल्यावर त्याचा डावा हात गिअरच्या दांड्यावर गेला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हात स्टिअरिंगवर नेला. मी काही बोललो नाही. दादरला उतरताना वही उघडून पाहिली. त्या महिन्याच्या सगळ्या खेपांपुढे शेऱ्याचा रकाना कोरा होता.