गोटीची किंमत आणि गोटीचे मोल

जुन्या वस्तीच्या जागेला मराठीत ‘पांढर’ असा सार्थ शब्द आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख, पडलेल्या भिंतींची माती आणि उकिरड्यांचा केर एकमेकांत मिसळून तेथील जमिनीला पांढुरका रंग येतो. शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी. अशी पांढर खणताना खापरे, मणी आणि बांगड्यांचे तुकडे यांच्या जोडीने कधी कधी एखादी गोटीही वर येते. खापराकडे अभ्यासकाचे लक्ष जाते, नाण्याकडे व्यापाऱ्याचे. गोटी मात्र बहुधा एखाद्या मुलाच्या खिशात जाते. युरोप-अमेरिकेत जुन्या काचेच्या गोट्यांचे संग्राहक आहेत आणि त्यांचे लिलावही होतात. तेव्हा अशी गोटी ओळखावी कशी आणि तिचे मोल ठरवावे कसे, हे दोन प्रश्न विचारण्याजोगे आहेत.

भिलाईत ते विचारण्यास विशेष कारण आहे. 2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात येथील पोलाद कारखान्याचा करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. कारखाना आणि नगर उभारण्यासाठी अनेक गावांच्या जमिनी गेल्या. त्या गावांच्या शेतांची नोंद सरकारी दप्तरात सापडेल; तेथील अंगणांत मुले काय खेळत होती, याची नोंद कोणत्याही दप्तरात नसते. छत्तीसगढीत गोटीला ‘बांटी’ म्हणतात. 2022 साली छत्तीसगढ शासनाने सुरू केलेल्या पारंपरिक खेळांच्या स्पर्धांत या खेळाचा समावेश झाला. खेळ अजून जिवंत आहे. त्याचा जुना पुरावा मात्र मातीत आहे.

प्रथम काचेच्या गोटीचा विचार करू. जर्मनीतील थुरिंजिया प्रांतात लाउशा नावाचे काचकामाचे गाव आहे. तेथे 1846 च्या सुमारास गोटी घडविण्याची एक विशेष कात्री प्रचारात आली. तिच्या एका टोकाला लहानशी वाटी असे. आत रंगीत धागे असलेली तापलेली काचेची कांडी त्या वाटीत दाबून, फिरवून गोल करीत आणि मग कापून घेत. कांडीपासून तुटल्याची खूण गोटीच्या टोकाशी खडबडीत व्रणाच्या रूपाने राहते. बहुधा समोरासमोर असे दोन व्रण आढळतात. पुढे अमेरिकेत ओहायो राज्यातील अक्रन येथे मार्टिन क्रिस्टेन्सन याने गोट्या करण्याचे यंत्र सिद्ध केले व 1905 साली त्याला त्याचे एकस्व मिळाले. यंत्रातील खाचांतून फिरत फिरत वितळलेल्या काचेचा गोळा आपोआप वाटोळा होतो. त्यावर व्रण राहत नाही. आत मांजराच्या डोळ्यासारखी रंगीत पाती असलेली गोटी तर दुसऱ्या महायुद्धानंतरची, आरंभी जपानातून आलेली. म्हणजे नुसत्या भिंगाने पाहूनही गोटीचा काळ स्थूलमानाने सांगता येतो. मात्र आजचे हौशी कारागीरही हाताने गोट्या करतात. त्यामुळे व्रण दिसला की गोटी जुनीच, असे समजणे धोक्याचे आहे.

भारतात आणखी एक सावधगिरी हवी. हायरम कॉड या इंग्रज गृहस्थाने 1872 साली सोड्याच्या बाटलीसाठी गोटीच्या बुचाचे एकस्व घेतले. बाटलीतील वायू गोटीला गळ्यातील रबरी कड्यावर दाबून धरतो, ही त्याची युक्ती. तीच आपली गोटी-सोड्याची बाटली. ती फुटली, की आतील फिकट हिरवी किंवा निळसर, नक्षी नसलेली गोटी मुलांच्या हाती पडे. जुन्या घराच्या जागी सापडलेली बिनरंगी धाग्यांची गोटी पुष्कळदा याच घराण्यातली असते. तिला बाजारात फारसा भाव नाही. पण त्या घरापर्यंत कारखान्यातला सोडा केव्हा पोहोचला, हे ती सांगू शकते.

संग्राहकाची किंमत वेगळ्या गोष्टींवर ठरते. गोटी हातची की यंत्राची, आकाराने केवढी, रंगांची मांडणी किती दुर्मिळ, आत प्राण्याची पांढरी आकृती आहे काय, पृष्ठभागावर टवके व चरे किती, हे तो पाहतो. ओल्या मातीत काचेवर इंद्रधनुषी साय धरते. ती घासून काढण्यासाठी अनेक जण गोटीला नवी झिलई देतात, आणि तिथेच तिचा पुरावा व बहुधा किंमतही घालवून बसतात.

याउलट भाजलेल्या मातीची किंवा दगडाची गोटी. हडप्पा संस्कृतीच्या स्थळांपासून असे गोळे मिळत आले आहेत. त्यांचा घाट हजारो वर्षांत बदललेला नाही; तेव्हा एखादी मातीची गोटी नुसती तळहातावर ठेवून तिचा काळ कोणालाही सांगता येणार नाही. ती खेळातली की गोफणीतली, हेही नाही. याचे उत्तर फक्त ती जेथे पडली होती त्या जागेपाशी असते. चुलीजवळ, जोत्याखाली, पेवात की उकिरड्यात. कोणत्या थरात, कोणत्या खापरांसोबत?

याचा वस्तुपाठ पुणे जिल्ह्यातील इनामगावाने दिला आहे. घोड नदीच्या काठच्या या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे उत्खनन डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी 1968 पासून अनेक वर्षे केले. ह. धी. सांकलिया आणि म. के. ढवळीकर हे त्यांतील प्रमुख. शंभराहून अधिक घरे तेथे उघडी झाली. हे घर कुंभाराचे, ते चुना भाजणाऱ्याचे, असे त्यांना म्हणता आले, ते कोणत्या वस्तू कोठे पडल्या होत्या याची नोंद ठेवल्यामुळेच. त्याच वस्तू गोणीत भरून आणल्या असत्या, तर ती केवळ जुनी खापरे ठरली असती. दुर्ग जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात खारून नदीच्या काठी तरीघाट येथे झालेले उत्खननही याच शिस्तीचे.

कायदाही ध्यानात ठेवावा. 1878 च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी जमिनीत सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे बंधनकारक आहे. 1972 चा पुराणवस्तूविषयक अधिनियम 5 एप्रिल 1976 पासून अमलात आला. शंभर वर्षांहून जुन्या पुराणवस्तूंचा व्यापार त्याने परवान्याखाली आणला आणि त्या परदेशी पाठविण्याची खाजगी व्यक्तींना मनाई केली. संरक्षित जागी तर परवानगीवाचून फावडे लावणेच अपराध.

म्हणून घराचा पाया खणताना गोटी दिसलीच, तर काम थोडे थांबवावे. जागा, खोली आणि सोबतच्या वस्तू कागदावर टिपाव्यात. खोदयंत्राच्या एका फटक्याने तीन पिढ्यांची माती एकत्र होते, आणि मग ती वेगळी करता येत नाही. गोटी साध्या पाण्याने धुवावी, घासू नये. चिठ्ठीसह निराळ्या डबीत ठेवून जवळच्या संग्रहालयाला दाखवावी. चांगली रंगीत गोटी पुन्हा कोठेतरी मिळेल. परंतु एखाद्या उठून गेलेल्या गावात कोणत्या अंगणात मुले खेळत होती, हे सांगणारी गोटी जागेवरून हलली, की ती माहिती दुसऱ्या कोणत्याही गोटीकडून मिळत नाही.