गिरगावचा मुका पडदा



जत्रेत तंबूतला सिनेमा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. आज आम्ही तुम्हांला मुंबईच्या गिरगावातल्या थिएटरांची हकिगत सांगणार आहोत.

पूर्वी सिनेमा मुका होता. चित्रं हलत, पण बोलत नसत. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा बोलपट नव्हे, मूकपट काढला. पैसा उभा करायला घरचे दागिनेही गेले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करीत आणि फिल्मच्या कामातही हात लावीत. सिनेमात काम करायला बाई मिळेना. शेवटी खाणावळीत काम करणारे साळुंके तारामती झाले! ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात हा सिनेमा लागला. लोकांची झुंबड उडाली.

पण मुक्या सिनेमातली गोष्ट कळायची कशी? मधून मधून पडद्यावर अक्षरांच्या पाट्या येत. ज्याला वाचता येई, तो मोठ्यानं वाची. बाकीचे कान देऊन ऐकत.

आमची आजी कोकणातून गिरगावच्या चाळीत आली होती. तिला अक्षरओळख नव्हती. पाटी आली की ती शेजाऱ्याला विचारी, "काय लिहिलंय रे बाबा?" एकदा एका टवाळ पोरानं मुद्दाम उलटंच वाचलं. पडद्यावर आईचं मूल दगावलं होतं. हा म्हणाला, "आजी, बारसं आहे बारसं!" आजी बिचारी आनंदानं हसली. तिच्याकडे पाहून सगळी बाकं हसली.

घरी आल्यावर आजी कुणाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आमच्या आईचा हात धरला आणि तिला शाळेत नेऊन बसवलं. म्हणाली, "माझं झालं ते झालं. हिला कुणी फसवता कामा नये."

पुढे काळ बदलला. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्याच मॅजेस्टिक थिएटरात 'आलम आरा' लागला. हा आपल्या देशाचा पहिला बोलपट. अर्देशीर इराणी यांनी तो काढला. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. आता पडदाच बोलू लागला. पाटी वाचून दाखवणाऱ्याची गरज उरली नाही.

मग वाचायला शिकायचं कशाला, असं कुणी म्हणेल. पण मंडळी, सिनेमा बोलला तरी सावकाराचा कागद बोलत नाही. सातबाराचा उतारा बोलत नाही. औषधाची बाटली बोलत नाही. तिथे आजही कुणीतरी बारसं म्हणून सांगेल आणि आपण हसू!

मॅजेस्टिक थिएटर पुढे पाडलं गेलं. 'आलम आरा'ची एकही प्रत आज मिळत नाही. पण त्या थिएटराजवळ केशवराव कोठावळे यांनी पुस्तकांचं दुकान काढलं होतं, त्यालाही मॅजेस्टिकचंच नाव होतं. पडदा गेला, पण पुस्तकांवर ते नाव राहिलं.

आमच्या आईनं म्हातारपणी आजीला एक गोष्ट वाचून दाखवली. आजी ऐकत होती. मध्येच म्हणाली, "थांब. यात बारसं आहे ना, ते खरंच आहे ना?"

आई म्हणाली, "खरंच आहे गं आई. हे बघ, इथं लिहिलंय."

तुमच्या घरी आता असं सांगणारं माणूस आहे. ते माणूस म्हणजे तुम्हीच.