फंड-संस्थांचें विलीनीकरण आणि आपली पुंजी



म्युच्युअल फंड चालविणारी एक कंपनी दुसरींत विलीन झाली म्हणजे गुंतवणूकदाराच्या पैशाचें काय होतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. त्याचें मर्म आपल्या मुंबईच्या कफ परेडवरील मच्छीमार नगरांत सहज समजेल. होडीवर हुकूम तांडेलाचा चालतो. परंतु जाळ्यांत आलेल्या मासळीचा तो एकटा धनी नसतो. तांडेल बदलला म्हणून वांटेकऱ्यांचा वांटा बुडत नाहीं. फंडाची कंपनी अशीच तांडेल होय. पैसा गुंतवणूकदारांसाठीं विश्वस्तांच्या ताब्यांत असतो. कंपनीच्या स्वतःच्या मालमत्तेंत तो मिसळत नाहीं.

ज्यांनीं फिडेलिटीच्या योजनांत पैसे घातले होते, त्यांची फंड-संस्था २०१२ सालीं एल अँड टीकडे गेली आणि नोव्हेंबर २०२२ मध्यें एचएसबीसीकडे. स्वतः कांहीं न विकतां त्यांच्या खातेपत्रकानें तीन नांवें पाहिलीं.

नांवाबरोबर कधीं योजनाही जाते. सेबीच्या २०१७ च्या नियमानें एका संस्थेस बहुतेक वर्गांत एकच योजना ठेवतां येते. म्हणून दोन घरें एकत्र आलीं कीं सारख्या योजना एकमेकींत मिळवाव्या लागतात. समजा, आपलीं १,००० युनिटें प्रत्येकीं ४० रुपयांचीं आहेत आणि नव्या योजनेचा भाव १०० रुपये आहे. आपणांस ४०० युनिटें मिळतील. परंतु ४०,००० रुपयांचे ४०,०००च राहतील. हजाराचे चारशें झालेले पाहून घाबरण्याचें कारण नाहीं.

मग भय कशाचें? योजनेचा स्वभाव पालटण्याचें. नवी योजना अधिक जोखमीची किंवा अधिक खर्चाची असूं शकेल. म्हणूनच आधीं पत्र येतें, आणि त्यांतील मुदतींत निर्गमन-आकार न देतां बाहेर पडण्याचा हक्क मिळतो. मुदत गेली कीं मौन हीच संमति ठरते. ज्यानें बदललेला पत्ता कळविला नाहीं, त्याची संमति त्याच्या नकळत घेतली जाते. निवृत्तीच्या पुंजीवर घर चालविणाऱ्यास ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि घाईनेंही बाहेर पडूं नये. इक्विटी योजना दुसऱ्या इक्विटी योजनेंत मिळाली तर प्राप्तिकरासाठीं ती विक्री समजली जात नाहीं; मूळ खरेदीची किंमत व तारीखच पुढें चालते. आपण होऊन पैसे काढले तर मात्र ती विक्री होते आणि नफ्यावर कर लागूं शकतो.

तेव्हां पत्र आलें कीं तीन प्रश्न विचारावे: पैसा कोठें गुंतणार, जोखीम किती आणि वार्षिक खर्च किती? विसरलेलीं खातीं शोधण्यासाठीं २०२५ सालापासून ‘मित्र’ नांवाची सोय झाली आहे. घरांतील वडीलधाऱ्यांच्या फंडांची यादी करून पत्ता, बँक आणि वारसाचें नांव तपासणें, एवढें काम या रविवारीं अवश्य करावें.