कलकत्त्याच्या दोन फेऱ्या

एकाच शहरीं माणूस दोनदां जातो, तेव्हां शहर बहुधा तेंच असतें. बदललेला असतो तो जाणारा. ॲडोनिराम जडसन आणि त्यांच्या पत्नी ॲनबाई या अमेरिकन दांपत्याच्या आयुष्यांत कलकत्ता असें दोनदां आलें. पहिल्या खेपेस त्या शहरानें त्यांना थारा दिला नाहीं. दुसऱ्या खेपेस तेथेंच तीं उभयतां विसाव्यासाठीं गेलीं. मध्यें आठ वर्षें लोटलीं होतीं.

५ फेब्रुवारी १८१२ रोजीं मॅसॅच्युसेट्समधील ब्रॅडफर्ड गांवीं त्यांचा विवाह झाला. वर तेवीस वर्षांचे, वधू बावीस वर्षांची. दुसऱ्याच दिवशीं सेलम येथील चर्चमध्यें जडसन यांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली, आणि दोन आठवड्यांच्या आंत ‘कॅराव्हॅन’ नांवाच्या जहाजानें हें जोडपें हिंदुस्थानच्या वाटेला लागलें. सोबतीस सॅम्युएल नेवेल व त्यांच्या पत्नी हॅरिएट होत्या. त्याच मंडळाचीं दुसरीं माणसें, गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट, त्यांच्या पत्नी आणि ल्यूथर राइस, दुसऱ्या जहाजानें निघालीं. या काळांत अमेरिकेंतील कुलीन घरच्या तरुण स्त्रीनें असें सातासमुद्रांपलीकडे जाणें ही न ऐकलेली गोष्ट होती.

चार महिन्यांचा तो सागरप्रवास म्हणजे नवविवाहितांचे सुखाचे दिवस असावयाचे. परंतु जडसन यांचें चित्त एका प्रश्नांत गुंतलें होतें. बंगालमध्यें विल्यम केरी व त्यांचे सहकारी भेटणार. ते बाप्टिस्ट पंथाचे. बाप्तिस्मा तान्ह्या मुलास द्यावा कीं जाणत्या माणसासच द्यावा, यावर त्यांच्याशीं वाद होणार. त्या वादाची तयारी म्हणून जडसन यांनीं ग्रीक ग्रंथ उघडले, आणि वाचतां वाचतां प्रतिपक्षाचेंच म्हणणें त्यांना पटूं लागलें. ॲनबाईंनीं प्रथम विरोध केला. त्याचें कारण उघड होतें. ज्या अमेरिकन मंडळानें त्यांना धाडलें, त्याचें मत निराळें होतें. मत बदलणें म्हणजे वेतन सोडणें, सोबत्यांशीं असलेलें नातें तोडणें आणि परक्या मुलखांत निराधार होणें. पण अखेर त्यांनाही तें पटलें, आणि ६ सप्टेंबर १८१२ रोजीं कलकत्त्यांतील लाल बाजारच्या प्रार्थनामंदिरांत पतिपत्नींनीं नव्यानें बाप्तिस्मा घेतला. पाठोपाठ राइस यांनींही तेंच केलें व पुढें अमेरिकेस परतून त्यांच्यासाठीं नवें पाठबळ उभें केलें.

इकडे कंपनी सरकारचा हुकूम सुटला होता. मिशनरी आले कीं प्रजा बिथरते, अशी कंपनीची धारणा. शिवाय त्याच जूनमध्यें अमेरिकेनें इंग्लंडशीं युद्ध पुकारलें होतें. ‘परत जा’ एवढेंच त्यांना सांगण्यांत आलें. नेवेल दांपत्य आधीं मॉरिशसला गेलें. वाटेंत त्यांची नवजात मुलगी दगावली, आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजीं हॅरिएटबाईही निवर्तल्या. त्यांचें वय अवघें एकोणीस वर्षांचें होतें. जडसन दांपत्यही लपतछपत मॉरिशसला पोंचलें, तेथून मद्रासला गेलें. तेथेंही हद्दपारीची टांगती तलवार होतीच. आणि बंदरांत लवकर सुटणारें जहाज होतें तें रंगूनचें. त्या प्रवासांत ॲनबाईंचें पहिलें मूल मृत जन्मलें. १३ जुलै १८१३ रोजीं तीं उभयतां रंगूनला उतरलीं.

हॉल आणि नॉट दांपत्य त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत मुंबईस पोंचलें होतें. त्यांनाही जाण्याचे हुकूम झाले, पण ते टिकून राहिले, आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया मुंबईंत पडला. विधुर झालेले नेवेलही पुढें मुंबईसच आले. एका बंदरांतून हांकललेल्या माणसांच्या वाटा अशा फुटल्या.

रंगूनमध्यें ब्रह्मी भाषा शिकण्यांत वर्षें गेलीं. घरची व बाजारची भाषा ॲनबाईंनीं लवकर आत्मसात केली. ग्रंथांची भाषा जडसन यांनीं. १८१५ मध्यें मुलगा झाला. आठ महिन्यांचा होण्याआधींच तो गेला. पहिला ब्रह्मी मनुष्य त्यांच्या पंथांत आला तो १८१९ च्या जूनमध्यें, म्हणजे सहा वर्षांनीं. १८२० च्या जानेवारींत जडसन राजधानीस जाऊन राजा बाजीडो याच्यापुढें उभे राहिले व धर्मस्वातंत्र्य मागितलें. सोन्याचा वर्ख दिलेले बायबलचे सहा खंड नजर केले. राजानें अर्ज वाचला आणि निकाल नकाराचा दिला.

त्याच वर्षीं ॲनबाईंचा यकृताचा विकार बळावला. रंगूनमध्यें युरोपीय वैद्य नव्हता. एकटीनें प्रवास करण्याइतकें बळ त्यांच्या अंगीं उरलें नव्हतें, म्हणून जडसन यांनीं काम थांबवून बरोबर जाण्याचें ठरविलें. जुलैमध्यें तीं निघालीं. गंतव्य स्थान होतें कलकत्ता.

आतां तें शहर तेंच होतें, पण दार उघडें होतें. १८१३ च्या सनदेनें मिशनऱ्यांना परवान्यानें राहण्याची मुभा दिली होती. वैद्यांचे उपचार झाले. गंगेच्या कांठीं, डेन्मार्कच्या अमलाखालील श्रीरामपुरांत विश्रांतीही मिळाली. तेथील छापखाना मराठी वाचकांसही परका नाहीं: केरी यांचें मराठी व्याकरण १८०५ मध्यें व कोश १८१० मध्यें प्रसिद्ध झाला, आणि त्या कामीं पंडित वैजनाथ यांचें साह्य होतें. रंगूनला जो पहिला छापण्याचा संच मिळाला, तोही श्रीरामपुरानेंच दिलेला. ज्या गृहस्थांशीं वाद घालण्याची तयारी जहाजावर झाली होती, तेच आतां आश्रयदाते होते. १८२१ च्या जानेवारीच्या आरंभीं दोघें रंगूनला परतलीं, तेव्हां ॲनबाईंना पुष्कळ आराम पडला होता.

तो आराम टिकला नाहीं. त्याच वर्षीं त्यांना एकटीनें कलकत्ता व इंग्लंडमार्गें अमेरिकेस जावें लागलें. १८२३ च्या डिसेंबरांत त्या परतल्या आणि लगेच दोघें आवा या राजधानीस गेलीं. १८२४ मध्यें इंग्रज-ब्रह्मी युद्ध पेटलें. जडसन यांना बेड्या पडल्या. सुमारें सतरा महिने ते कैदेंत होते. ॲनबाई अंगावर तान्ही मुलगी घेऊन तुरुंगाच्या दारीं अन्न पोंचवीत, अधिकाऱ्यांच्या पायऱ्या झिजवीत. आणि भाषांतराचें हस्तलिखित एका उशींत दडवून त्यांनीं राखलें. २४ ऑक्टोबर १८२६ रोजीं ॲम्हर्स्ट येथें त्या वारल्या. तेव्हां पति आवा येथें होते. सहा महिन्यांत मुलगीही गेली. ब्रह्मी बायबलचें भाषांतर १८३४ मध्यें पुरें झालें. तें आजही वाचलें जातें.

चौदा वर्षांच्या सहजीवनांत या जोडप्यानें जितके प्रवास केले, त्यांपैकीं बहुतेकांना हुकूम, मृत्यु अथवा ताटातूट यांचीच सोबत होती. एकमेकांच्या सोबतीनें, केवळ एकीला बरें वाटावें म्हणून केलेला प्रवास त्यांत एकच: १८२० च्या पावसाळ्यांतला, कलकत्त्याचा.