गाठीवरची खूण



खामगावच्या कापसाशी आपल्या जिल्ह्याचा संबंध जुना आहे. १८७० साली जलंब-खामगाव लोहमार्ग झाला तो मुख्यत्वे या कापसासाठीच. पुढे १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालणे बंधनकारक केले. रुईत पाणी मारलेले निघाले, तर गाठ कोणाच्या प्रेसमधली हे घेणाऱ्याला कळावे!

आपल्या ठेवींचा हिशेब ज्या सॉफ्टवेअरवर चालतो, ते कोणी एक माणूस बसून सबंध लिहीत नाही. शेकडो तयार भाग इंटरनेटवरील सार्वजनिक भांडारांतून आणून जोडलेले असतात, आणि आणण्याचे काम एक साधन आपोआप करते. ते यादीतले नाव पाहते, आवृत्तीचा क्रमांक पाहते. माल कोणाचा, हे विचारीलच असे नाही.

अॅलेक्स बिर्सन या संशोधकाने फेब्रुवारी २०२१ मध्ये हीच गोम उघड केली. कंपन्यांनी केवळ घरच्या वापरासाठी केलेल्या भागांची नावे त्याने हुडकली, त्याच नावांचे आपले भाग सार्वजनिक भांडारात ठेवले आणि क्रमांक मुद्दाम मोठा दिला. समजा, घरात तिसरी आवृत्ती, तर बाहेर नववी. साधन मोठ्या आकड्याला भुलले! अॅपल, मायक्रोसॉफ्ट यांसह ३५ हून अधिक कंपन्यांत त्याचा शिरकाव झाला. हेतू चोरीचा नव्हता, म्हणून त्याला बक्षिसे मिळाली.

हे सारे दूरचे, असे आम्हांसही वाटे. परंतु जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज कंपनीच्या यंत्रणेवर हल्ला झाला. तो पसरू नये म्हणून तिला देयक-व्यवस्थेपासून तोडावे लागले, आणि देशातील सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआयसारखे व्यवहार काही काळ थांबले. हा प्रकार नावाच्या गफलतीचा नव्हे. पण तपास करणाऱ्या संशोधकांच्या मते वाट मिळाली ती एका सहयोगी कंपनीच्या जेन्किन्स सर्व्हरमधून, म्हणजे सॉफ्टवेअर जुळवण्याच्या कारखान्यातूनच. खातेदाराचा यात काय दोष?

उपाय अवघड नाहीत, कंटाळवाणे आहेत. घरच्या नावाचा भाग घरच्याच भांडारातून घ्यावा, आवृत्ती बांधून ठेवावी, आलेल्या भागाचा अंकी ठसा ताडून पाहावा. सर्ट-इन या सरकारी संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये, सॉफ्टवेअरमधील भागांची यादी कशी ठेवावी, याच्या सूचनाही काढल्या आहेत. आपल्यापैकी पुष्कळजण सहकारी बँकांचे सभासद आहेत. वार्षिक सभेत लाभांशाची चौकशी झाली की, ही यादी पुरवठादाराकडून घेतली काय, एवढे संचालकांना जरूर विचारावे.