विहिरीच्या भिंतीत सापडणारा इतिहास

(मालेगाव, जि. वाशीम येथे शेतकरी व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानावरून)



आपल्यापैकी अनेकांनी विहीर खणताना पाहिली असेल. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग काळा पाषाण आणि कधी कधी त्या पाषाणाखाली अचानक वीटकरी रंगाच्या मातीचा एक पट्टा. पाथरवट त्यास फारसे महत्त्व देत नाहीत. आज मला बोलावयाचे आहे ते या पट्ट्याविषयीच.

वऱ्हाडची ही भूमी ज्या खडकावर उभी आहे, तो दख्खनचा लाव्हा होय. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून तप्त रस बाहेर पडला आणि थरावर थर साचत गेला. आजही त्याने सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. सह्याद्रीकडे त्याची जाडी 2 किलोमीटरहून अधिक भरते. परंतु हा रस अखंड वाहत नव्हता. दोन उद्रेकांच्या मध्ये विश्रांतीचा काळ येई. खडक झिजून माती होई, खोलगट जागी तळी साचत, त्यांच्या काठी वनस्पती वाढत, पाण्यात गोगलगायी नांदत. पुढचा लाव्हा येऊन हे सारे झाकून टाकी. नागपूरजवळ टाकळी येथे अशाच थरातील जीवाश्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्टीफन हिस्लॉप यांनी गोळा केले. मुंबईत वरळीच्या अशा थरात तर चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले.

लाव्ह्याच्या खालच्या थरांनीही जगाला चकित केले आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडील पिसदुरा येथे महाकाय प्राण्यांच्या विष्ठेचे दगड सापडतात. 2005 साली वंदना प्रसाद, अशोक साहनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांत गवताच्या पेशींतील गारेचे सूक्ष्म कण दाखवून दिले. डायनोसॉरांच्या काळी गवत नव्हतेच, असे तोवर सर्वसाधारणपणे समजले जाई. येथे तर गवताचे निदान पाच गट निघाले! 2011 मध्ये भाताच्या कुळाशी नाते सांगणारे अवशेषही पुढे आले. आपल्याकडे आता सोयाबीनचा पेरा अधिक असला, तरी ज्वारी व ऊस याच तृणकुळातील. त्या कुळाचा एवढा जुना दाखला आपल्या विदर्भाने द्यावा आणि आपण तो दगड म्हणून बांधावर फेकावा, हे मला पटत नाही.

वीटकरी पट्ट्याचे मोल निराळे आहे. त्यात कधी दूरच्या ज्वालामुखीची राख असते आणि राखेत झिरकॉनचे बारीक स्फटिक. स्फटिकातील युरेनियमचे शिशात रूपांतर होण्याचा वेग ठाऊक असल्याने थराचे वय काढता येते. सह्याद्रीतील अशा पट्ट्यांवरून 2019 साली काही संशोधकांनी उद्रेकांचे चार मोठे टप्पे मांडले. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने निराळ्या पद्धतीने बहुतेक लाव्हा डायनोसॉरांच्या अस्तानंतर बाहेर पडल्याचे सांगितले. त्या प्राण्यांच्या अंतास मेक्सिकोत आदळलेला अशनी कारणीभूत झाला, हे बहुसंख्य शास्त्रज्ञांस मान्य आहे. आपल्या लाव्ह्याचा त्यात वाटा किती, हा वाद मात्र मिटलेला नाही. त्याचा पुरावा पट्ट्यापट्ट्यांतून शोधावा लागतो.

अडचण अशी की जागेवरून हललेला जीवाश्म निम्मा मुका होतो. तो कोणत्या थरातला, किती खोलीवरचा, हे कळले नाही तर त्याचे वय सांगणे कठीण. सुरुंग लावून काढलेला दगड यंत्रात गेला की खडी उरते. म्हणून विहीर वा रस्त्याचे काम चालू असता पाषाणांच्या मध्ये मातीचा किंवा गारगोटीचा थर लागला, त्यात शिंपले, लाकडासारखी रेघ किंवा हाड दिसले, तर ते लगेच उपटू नये. जमिनीपासूनची खोली मोजावी, शेजारी फूटपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, गावाचे नाव व गट क्रमांक लिहावा आणि नागपूर येथील भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयास कळवावे. शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांनी यासाठी एक वही ठेवली तरी पुष्कळ काम होईल. आता आपल्या गावच्या विहिरींत कोणास असा पट्टा आढळला असेल, त्यांनी पुढे येऊन सांगावे. मी खोली लिहून घेतो.